खांदा आखडलाय, फिजिओत हात ओढतात. चालू ठेवावं का?

शमिका

आईबद्दल विचारायचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आई ५६ वर्षांची, मधुमेहाच्या गोळ्या बऱ्याच वर्षांपासून चालू. दिवाळीच्या आधीपासून उजवा खांदा दुखायला लागला. पडली नाही, मार लागला नाही. आम्हाला वाटलं फराळाच्या कामामुळे असेल. पण दुखणं वाढतच गेलं. रात्री त्या कुशीवर वळली की कळ येते आणि मग ती उठून बसते. आता वेणी घालता येत नाही, ब्लाउजचं हूक लावता येत नाही, वरच्या फडताळातला डबा काढायचा तर मला हाक मारते.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. कागदावर ‘पी. ए. शोल्डर’ (पेरिआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्याभोवतीची सूज) लिहून दिलंय, तोंडी फ्रोझन शोल्डर म्हणाले आणि फिजिओ सांगितली. घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये जातो. आधी शेक, मग मशीन, आणि शेवटी तिथला मुलगा हात धरून वर ओढतो. आई अक्षरशः ओरडते. ‘ओढल्याशिवाय सुटणार नाही, मावशी, सहन करा’ असं तो म्हणतो. त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागत नाही. आता ती जायलाच तयार नाही, आणि न जावं तर हात कायमचा जाम होईल अशी भीती.

हे असंच असतं का? कोणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

बार्शीकर

शमिकाताई, आईंना मधुमेह आहे म्हणून मुद्दाम लिहितो. मला डाव्या खांद्याला झालं होतं, तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यात आधी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि थायरॉइड तपासायला सांगितलं. या दोन्हींत खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं म्हणे. साखर वाढलेली निघाली, औषध बदललं. त्याने खांदा लगेच सुटला असं नाही, पण आधी ते बघून घ्या.

गवती_चहा

माझ्या मोठ्या जावेचा हात ओढूनच सुटला. रडायची, पण जायची. नंतर हात पूर्ण वर गेला. त्यामुळे ओढणं वाईटच असं नाही वाटत मला. सोडून मात्र देऊ नका.

कृष्णाकाठ

शमिका, मी फिजिओथेरपिस्ट आहे, सांगली भागात काम करते. आईंना तपासल्याशिवाय लिहितेय, तेव्हा हे सर्वसाधारण समजा. पण एक गोष्ट आधी सांगते: फिजिओ थांबवू नका, ओढणं मात्र आजच थांबवा.

खांद्याची खोबण उथळ असते आणि तिच्याभोवती एक पातळ पिशवीसारखं आवरण असतं. ते सैल असतं म्हणून हात वर, मागे, गोल कसाही फिरतो. फ्रोझन शोल्डरमध्ये हे आवरण आधी सुजतं, मग जाड होऊन आकसतं. सुजेच्या काळात दुखणं फार, त्यातही रात्रीचं. हा काळ काही महिने चालतो. मग दुखणं उतरतं पण हात जखडलेला राहतो, आणि त्यानंतर हळूहळू मोकळा होत जातो. सगळं मिळून साधारण एक ते तीन वर्षं. मधुमेह असेल तर वेळ जास्त लागतो आणि काहींना शेवटी थोडी कसर राहते. साधारण ४० ते ६० या वयात होतं, बायकांना जास्त.

आईंची रात्रीची झोप मोडते आहे, म्हणजे सूज अजून चढती आहे. सुजलेलं आवरण जोराने ताणलं की सूज वाढते, भोवतीचे स्नायू बचावासाठी आवळून धरतात, आणि माणूस हात हलवायलाच घाबरतो. नेदरलँड्समध्ये ७७ रुग्णांवर एक अभ्यास झाला होता, २००४ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला दुखण्याच्या मर्यादेत राहून हलके व्यायाम दिले, दुसऱ्या गटाला दुखलं तरी ताणायचं. दोन वर्षांनी पहिल्या गटातल्या ८९ टक्के लोकांचा खांदा जवळजवळ नॉर्मल होता, दुसऱ्या गटात ६३ टक्के. अभ्यास लहान आहे, पण रोज पेशंट बघताना दिसतं ते याच्याशी जुळतं.

गवती_चहा, तुमच्या जावेचंही खोटं नाही. दुखणं उतरल्यावर, हात नुसता जखडलेला असताना, चांगला ताण द्यावाच लागतो. त्या टप्प्यात मीही देते. चढत्या सुजेत तोच ताण दिला की नुकसान होतं. म्हणून खांद्याला हात लावायच्या आधी ‘रात्री झोप लागते का’ हे विचारायलाच हवं. न विचारता ओढणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण असे पेशंट पुढे फिजिओचं नाव काढलं तरी दचकतात.

शमिका

खूप खूप धन्यवाद कृष्णाकाठ. वाचून आईला दाखवलं. तिला आधी हेच ऐकायचं होतं की ती नाटक करत नाहीये. मग आता घरी काय करायचं? आणि ते मशीन चालू ठेवायचं का?

कृष्णाकाठ

मशीनने तेवढ्यापुरतं बरं वाटू शकतं, पण त्याने आखडलेलं आवरण सुटतं असा भक्कम पुरावा नाही. अर्धा तास मशीन आणि पाच मिनिटं व्यायाम असा हिशोब असेल तर पैसे चुकीच्या जागी जातायत. शेक चालेल, व्यायामाच्या आधी, पण मधुमेहात कातडीची जाणीव कमी झालेली असू शकते. पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून, दुसऱ्या हाताने ऊब तपासूनच. भाजलेल्या खांद्याचे पेशंट मी पाहिले आहेत.

आता व्यायाम. सध्याच्या टप्प्यात एवढे पुरेत.

पहिला, हात लोंबता सोडणं. ओट्याला किंवा टेबलाला डावा हात टेकवून कमरेत वाका. उजवा हात सरळ खाली सोडा, अगदी ढिला. आता हात फिरवायचा नाही, कमरेपासून अंग हलकेच पुढेमागे झुलवायचं, हात आपोआप हलतो. सगळे इथेच घोटाळा करतात. खांद्याच्या ताकदीने हात गरागरा फिरवतात, मग सांगतात की याने दुखतं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर वाकून उठताना सावकाश.

दुसरा, आडवं पडून. पाठीवर झोपा, उजव्या कोपराखाली घडी केलेला टॉवेल, कोपर अंगाला लागून आणि काटकोनात. दोन्ही हातांत लांब छत्री आडवी धरा. डाव्या हाताने छत्री ढकलून उजवा पंजा बाहेरच्या बाजूला न्या. जिथे ताण जाणवेल तिथे थांबा, पाच-सात श्वास, परत या. फ्रोझन शोल्डरमध्ये ही बाहेर वळण्याची हालचाल सगळ्यात जास्त जाते.

तिसरा, भिंतीवर बोटं चढवणं, तोंड भिंतीकडे करून. इथे खांदा कानाकडे उचलला जातो आणि माणसाला वाटतं हात वर गेला. आरसा असेल त्या भिंतीशेजारी करा किंवा तुम्ही मागे उभं राहून बघा.

दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. दुखणं शून्य ते दहात मोजलं तर व्यायाम करताना तीन-चारच्या वर नको. आणि सकाळी उठल्यावर खांदा कालच्यापेक्षा जास्त ठणकत असेल तर काल जास्त झालं, आज निम्मं करा.

झोपताना पाठीवर, कोपराखाली पातळ उशी, म्हणजे हात मागे लोंबत नाही. किंवा डाव्या कुशीवर, छातीशी उशी धरून त्यावर उजवा हात. कपडे घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना दुखरा हात शेवटी. ब्लाउज काही दिवस पुढच्या हुकांचे घाला. या लहान गोष्टींनी दिवसभराची कळ बरीच कमी होते.

निवृत्त_गुरुजी

उत्तम माहिती. एक शंका. खांदा दुखला की लोक सरसकट फ्रोझन शोल्डर म्हणतात. माझ्या एमआरआयमध्ये ‘रोटेटर कफ टिअर’ आलं आहे, वय ६८. हात मी स्वतः वर नेतो तेव्हा मध्येच दुखतो आणि अडतो, पण चिरंजीवांनी धरून उचलला तर पूर्ण वर जातो. एका ठिकाणी ऑपरेशन सांगितलं आहे. मी फळ्यावर उभं आयुष्य काढलं, त्याचा परिणाम असेल का?

कृष्णाकाठ

गुरुजी, नमस्कार. तुम्ही जे निरीक्षण केलंय तेच आम्ही तपासताना बघतो. दुसऱ्याने उचलूनही हात जात नसेल तर सांधा आखडलेला. दुसऱ्याने उचलल्यावर जातो पण स्वतः नेताना अडतो, तर बहुतेक वेळा कफचा, म्हणजे सांध्याला घट्ट धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंच्या दोऱ्यांचा प्रश्न.

साठीनंतर खांदा अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही कफला फाटलेपण दिसतं, ते वयानुसार वाढत जातं. त्यामुळे रिपोर्टमधला शब्द वाचून घाबरू नका. केव्हा दुखायला लागलं, पडल्यानंतर का आपोआप, ताकद किती गेली, हे रिपोर्टइतकंच महत्त्वाचं. पडल्यावर अचानक हात उचलेनासा झाला तर मात्र लवकर सर्जनना दाखवायचं, तिथे महिने घालवायचे नाहीत. हळूहळू सुरू झालेलं असेल तर आधी तीनेक महिने नीट व्यायाम करून बघणं हे बहुतेक सर्जनही मान्य करतात.

इथे व्यायाम वेगळा. तुम्हाला ताणायचं नाही, बळ वाढवायचं आहे. रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधून, कोपर अंगाशी ठेवून, पंजा बाहेर आणि आत ओढणं इथून सुरुवात होते. सोबत पाठीच्या पात्यांचे व्यायाम. पण एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या. फळ्याबद्दल म्हणाल तर हात वर धरून वर्षानुवर्षं केलेल्या कामाचा वाटा असू शकतो, रंगकाम करणाऱ्यांतही हे दिसतं.

यॉर्कशायरकर

मी इंग्लंडमध्ये एका हॉस्पिटलात काम करतो, डॉक्टर नाही, पण ऑर्थोपेडिक विभागातच असतो. गुरुजींच्या ऑपरेशनवरून आठवलं म्हणून लिहितो. कफ शिवायचं ऑपरेशन वेगळं. दुर्बिणीतून खांद्यावरचं हाड तासून ‘जागा करून देण्याचं’ ऑपरेशन इथे पूर्वी सर्रास व्हायचं. त्यावर ३१३ रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. काहींचं खरं ऑपरेशन केलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली. दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक पडला नाही. त्यामुळे नेमकं कोणतं ऑपरेशन सांगितलंय ते विचारून घ्या.

फ्रोझन शोल्डरवरही इथल्या ३५ हॉस्पिटलांत ५०३ जणांचा अभ्यास झाला, २०२० मध्ये आला. एका गटाला इंजेक्शन आणि पद्धतशीर फिजिओ, दुसऱ्याला भूल देऊन हात मोकळा करणं, तिसऱ्याला दुर्बिणीतून आवरण कापणं. वर्षभराने तिन्ही गट बरेच सुधारले होते आणि कोणताही एक उपाय ठळकपणे वरचढ ठरला नाही. गंभीर गुंतागुंत दुर्बिणीच्या गटात जास्त होती. शमिका, आईंना कोणी ऑपरेशनची घाई केली तर हे ध्यानात असू द्या.

शमिका

इंजेक्शनचं आम्हालाही विचारलं होतं. आई घाबरते, आणि मधुमेहात स्टिरॉइड चालतं का?

कृष्णाकाठ

ते डॉक्टरांनी ठरवायचं, मी फक्त माहिती देते. चढत्या सुजेच्या टप्प्यात सांध्यातलं इंजेक्शन दुखणं चांगलं उतरवतं, पहिले काही आठवडे तर नक्कीच, आणि त्या शांत काळात व्यायाम पुढे सरकतो. नुसतं इंजेक्शन घेऊन घरी बसलं तर त्या काळाचा उपयोगच झाला नाही. मधुमेह असला तरी देतात, पण नंतर काही दिवस साखर वर जाते. डॉक्टरांना आधी स्पष्ट सांगा, घरी ग्लुकोमीटर ठेवा, आणि साखर आधीच फार वाढलेली असेल तर आधी ती आटोक्यात आणा. बार्शीकरदादांनी लिहिलं ते अगदी योग्य आहे.

चढाईपटू

धागा जरा वेगळीकडे नेतो, माफ करा. आमच्या तालमीत कबड्डी खेळणारी पोरं आहेत, १७-१८ वर्षांची. साखळीत हात अडकून खांदा निखळतो. कोणीतरी मैदानावरच खटकन बसवतो आणि पोरगा पुढच्या रविवारी परत मॅटवर. एकाचा तर आता झोपेत कूस बदलतानाही निखळतो. याला व्यायामाने काही होतं का?

कृष्णाकाठ

चढाईपटू दादा, अजिबात माफी मागू नका, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

मैदानावर बसवणं बंद करा. हाड मोडलेलं असू शकतं, आणि काखेजवळून जाणारी नस ओढली जाऊ शकते. खांद्याच्या बाहेरच्या गोलाईवर, शर्टावर बिल्ला लावतो त्या जागी, स्पर्श कळतो का ते विचारा. बधिरपणा असेल तर तो दवाखान्यात सांगायचाच. हात आहे त्या स्थितीत झोळीत आधार देऊन न्यायचा, एक्स-रे काढून मगच बसवायचा.

विशीच्या आत पहिल्यांदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता फार असते, कारण खोबणीची पुढची कड फाटलेली असते आणि ती व्यायामाने चिकटत नाही. कफ आणि पात्यांचं बळ वाढवून काहींचं निभतं. पण झोपेत निखळणाऱ्या मुलाला खांद्याच्या सर्जनना दाखवाच, ते आता नुसत्या व्यायामाचं काम राहिलेलं नाही. आणि खांदा बसवल्यावर पुढच्या रविवारी मॅटवर नाही म्हणजे नाही. निखळलेल्या हाताची ताकद दुसऱ्या हाताच्या बरोबरीला येईपर्यंत, आणि हात वर करून मागे नेताना ‘आता सुटतो की काय’ ही भीती जाईपर्यंत चढाईला पाठवू नका. त्याला सहज काही महिने जातात. पोराला सांगायला तुमचा शब्द चालेल, आमचा नाही चालत.

गवती_चहा

सासऱ्यांना पक्षाघात झाला आहे, उजवी बाजू. त्यांचाही खांदा दुखतो. वर वाचून वाटलं की दाराला दोरी-कप्पी लावून द्यावी, डाव्या हाताने उजवा ओढतील. लावू का?

कृष्णाकाठ

नको, नको. पक्षाघातात स्नायू ढिले पडल्याने सांधा खाली सरकलेला असतो, कप्पीने तो आणखी दुखावतो. उठवताना कोणीही त्यांच्या त्या हाताला धरून ओढू नका, काखेत हात घालून उचलू नका. पाठीमागून पात्याला आणि कमरेला आधार द्या. बसताना हात मांडीवरच्या उशीवर, लोंबकळता नको. घरात मदतीला येणाऱ्या बाईंनाही हे दाखवून ठेवा, कारण अंघोळ घालताना हात सगळ्यात जास्त ओढला जातो. बाकी न्यूरोच्या, म्हणजे मेंदू-नसांच्या आजारांचं काम करणाऱ्या फिजिओकडून घरी येऊन बघून घ्या.

बार्शीकर

एक राहिलं. माझ्या मेहुण्यांना डावा खांदा आणि हात दुखत होता, घाम फुटला होता. घरच्यांनी मलम चोळत बसायच्या ऐवजी सरळ ईसीजी काढला म्हणून वाचले. सगळ्यांनी हे लक्षात ठेवा.

कृष्णाकाठ

शंभर टक्के. खांदा हलवला तरी दुखणं बदलत नाही, सोबत छातीत दडपण, घाम, धाप असेल तर फिजिओकडे यायचंच नाही, थेट दवाखाना गाठायचा. दुखणं कोपराच्या खाली बोटांपर्यंत मुंग्यांसकट जात असेल तर मान तपासा. ताप, सूज, लाली, वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर होऊन गेलेला असणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर.

शमिका

मधे बरेच दिवस लिहिता आलं नाही. अपडेट देते, कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून सांगितलंत.

साखर वाढलेलीच निघाली, औषध बदललं. ती जरा आटोक्यात आल्यावर डॉक्टरांशी बोलून इंजेक्शन घेतलं. त्यानंतर साखर तीन-चार दिवस वर होती, मग उतरली. दुसऱ्या एका फिजिओ ताईंकडे जातो आता. त्यांनी पहिल्या दिवशी हाताला हातच लावला नाही, तासभर विचारपूस केली आणि दोनच व्यायाम दिले. आठवड्यातून एकदा बोलावतात, बाकी घरी. आई आता रात्री झोपते. छत्री तिच्या उशाशीच असते. हात अजून पूर्ण वर जात नाही, वेणी मीच घालते, पण पंजा बाहेर वळायला लागलाय.

प्रश्न एवढाच, की आठवड्यातून एकदा पुरेसं आहे का? शेजारच्या काकू म्हणतात रोज सिटिंग हवं. आणि डावा खांदाही होऊ शकतो का?

कृष्णाकाठ

वाचून फार आनंद झाला, आईंना सांगा.

एकदा पुरे, घरचं रोज होत असेल तर. इंग्लंडमध्येच कफच्या दुखण्यावर ७०८ रुग्णांचा अभ्यास झाला, २०२१ चा. एकदाच नीट समजावून घरी व्यायाम दिलेले आणि सहा वेळांपर्यंत बोलावून व्यायाम घेतलेले, दोघांत वर्षभरात फरक दिसला नाही. आजार थोडा वेगळा, पण रोजच्या सिटिंगची पाच-दहा दिवसांची पॅकेजं घेण्याआधी काकूंनाही हे सांगायला हरकत नाही.

दुसऱ्या खांद्याला होऊ शकतं, मधुमेहात थोडं जास्तच. घाबरून डावा हात जपत बसू नका, उलट रोज पूर्ण वापरा. डाव्याचा पंजा बाहेर किती वळतो ते महिन्यातून एकदा बघत राहा. तो कमी व्हायला लागला तर या वेळी दिवाळीपर्यंत थांबू नका.

आणि आता रात्रीचं दुखणं गेलंय, तर पुढच्या भेटीत फिजिओ ताईंना टॉवेलचा व्यायाम विचारा. पाठीमागे टॉवेल उभा धरायचा, वरचा हात डावा, खालचा उजवा, आणि डाव्याने हलकेच वर ओढायचं. ब्लाउजच्या हुकापर्यंत हात त्यानेच पोचतो. सुरुवातीला उजवा हात कमरेच्या वर जाणार नाही, तेवढंच चालेल.